बल्ब, कंदील, ट्यूब आणि एलईडी: कृत्रिम उजेडाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिव्यांचा इतिहास, बल्बचा शोध आणि घरातले दिवे यांविषयी वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला इतिहास आहे, पुढे बल्बची अंतर्रचना आणि शेवटी घरात पडणारे पेच. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. वीज येण्याआधी लोक नेमका कशावर उजेड करत होते?

चरबी आणि तेल यांवर, हजारो वर्षं. फ्रान्समधल्या लास्कोच्या गुहेत लाल वालुकाश्माचा, दांडा असलेला एक दगडी दिवा सापडला. तो साधारण १७,००० वर्षांपूर्वीचा आहे. खोलगट भागात प्राण्याची चरबी आणि वात म्हणून जुनिपरच्या काड्या, एवढीच त्याची रचना. आपली पणती तत्त्वाने त्याहून वेगळी नाही.

तेल कोणतं, हे ज्या त्या मुलखात काय पिकतं त्यावर ठरे. देशावर करडई आणि एरंडेल, तर कोकणात उंडीच्या बियांचं कडू तेल. खाण्याच्या उपयोगाचं नाही म्हणून ते दिव्याला मोकळ्या हाताने वापरता येई. युरोप-अमेरिकेत व्हेल माशाचं तेल आणि चरबीच्या मेणबत्त्या चालत.

पहिली मोठी सुधारणा एमे आर्गां या स्वित्झर्लंडच्या माणसाने १७८० च्या सुमारास केली. त्याने वात नळीसारखी पोकळ केली, म्हणजे ज्योतीला आतून आणि बाहेरून दोन्हीकडून हवा मिळाली. त्यावर काचेची चिमणी बसवली. तिच्यामुळे हवेचा ओढा वाढतो, तेल पुरतं जळतं आणि काजळी कमी होते. असा एक दिवा सहा ते दहा मेणबत्त्यांइतका उजेड देई.

२. रॉकेलचा कंदील किती जुना? तो तर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला वाटतो.

तसा तो तरुण आहे. इग्नात्सी लुकासिएविच या औषधविक्रेत्याने खनिज तेलापासून रॉकेल वेगळं केलं. त्याच्या दिव्यांखाली १८५३ च्या जुलैमध्ये ल्विवच्या रुग्णालयात रात्रीची शस्त्रक्रिया झाली. रॉकेल पातळ असल्यामुळे वातीतून भराभर चढतं. जाड तेलाला ते जमत नाही, म्हणून समईची वात आपल्याला तेलाच्या पातळीजवळच ठेवावी लागते.

महाराष्ट्रात कंदील म्हटलं की 'प्रभाकर' कंदिलाचं नाव निघतं. कऱ्हाडजवळ ओगलेवाडीला १९१६ साली सुरू झालेल्या ओगले काच कारखान्याचा हा माल. कंदिलाची खरी कसोटी काचेत असते. ती एकसारख्या जाडीची आणि उष्णता सोसणारी नसेल, तर पावसाचा एक थेंब पडताच तडकते. देशी कारखान्याने ही काच करून दाखवली, हे मोठं काम होतं.

काच सारखी काळी होते, अशी तक्रार येते. त्याचं कारण जवळजवळ नेहमी वात असते. ती जास्त वर काढली की जळायला हवा पुरत नाही आणि उरलेला कार्बन काजळी होऊन काचेवर बसतो. वात सरळ कापावी, दोन्ही कोपरे किंचित गोल करावेत आणि पेटवल्यावर ती लगेच खाली घ्यावी. काच तापली की पुन्हा थोडी वर घेता येते. काच पुसायची ती थंड झाल्यावर, कोरड्या राखेने. गरम काचेला ओलं फडकं लावू नये.

३. लग्नात-जत्रेत असायची ती 'गॅसबत्ती' कुठल्या गॅसवर चालायची?

रॉकेलच्याच वाफेवर. नावामुळे बऱ्याच जणांचा घोटाळा होतो. शहरातल्या रस्त्यांवरचे गॅसचे दिवे कोळशाच्या गॅसवर चालत (प्रश्न ४). गॅसबत्ती, म्हणजेच पेट्रोमॅक्स, ही निराळी चीज आहे. तिचं श्रेय जर्मनीच्या मॅक्स ग्रेट्झकडे जातं आणि ती १९१० च्या सुमाराची आहे.

तिचं मर्म मेंटलमध्ये, म्हणजे ज्योतीवर बांधायच्या जाळीच्या छोट्या पिशवीत आहे. कार्ल आउअर फॉन वेल्सबाख या ऑस्ट्रियन रसायनतज्ज्ञाने १८९१ मध्ये ९९ टक्के थोरियम ऑक्साइड आणि १ टक्का सेरियम ऑक्साइड हे प्रमाण शोधून काढलं. ज्योत स्वतः निळसर, जवळपास बिनउजेडाची असते. तिच्या उष्णतेने मेंटल पांढरंशुभ्र तापतं आणि उजेड मेंटल देतं. हे प्रमाण थोडं जरी बदललं तरी उजेड झपाट्याने उतरतो.

पेटवायची रीत अशी. टाकीत पाऊण भागच रॉकेल भरायचं, कारण वरच्या मोकळ्या जागेत हवेचा दाब धरावा लागतो. नवं मेंटल सारख्या चुण्या घालून बांधायचं. खालच्या वाटीत स्पिरिट ओतून पेटवायचं आणि वाफेची नळी मिनिट-दीड मिनिट तापू द्यायची. स्पिरिट संपत आलं की हवेचा स्क्रू बंद करून पंप मारायचा. नळी पुरेशी तापली नसेल तर वाफेऐवजी पातळ रॉकेल निपलमधून (वाफ बाहेर सोडणाऱ्या बारीक छिद्रातून) उडतं, पिवळा भडका होतो आणि मेंटल काजळतं. अशा वेळी पंप मारत राहणं ही नेहमीची चूक आहे. दाब सोडून पुन्हा स्पिरिटपासून सुरुवात करावी. पेटलेली बत्ती धापा टाकल्यासारखी कमी-जास्त होऊ लागली तर निपलमध्ये कचरा अडकलेला असतो, पिन फिरवून तो मोकळा करावा. एकदा जळलेलं मेंटल म्हणजे नुसती राख असते आणि बोट लागताच ती गळून पडते. थोरियम किंचित किरणोत्सारी आहे, म्हणून त्या राखेवर फुंकर मारू नये आणि हात धुवावेत.

४. मुंबईत रस्त्यावर गॅसचे दिवे कधी आले आणि वीज कधी आली?

कोळशाच्या गॅसवर घर उजळायचं काम विल्यम मर्डॉकने १७९२ मध्ये कॉर्नवॉलमधल्या रेडरूथला केलं. लंडनच्या पॉल मॉलवर १८०७ मध्ये रस्त्याचे गॅसदिवे लागले. मुंबईत अर्देशीर करसेटजी वाडिया यांनी १८३४ मध्येच माझगावच्या आपल्या बंगल्यात गॅसचा उजेड केला होता. हेच पुढे १८४१ मध्ये रॉयल सोसायटीचे पहिले भारतीय सदस्य झाले. मुंबईच्या रस्त्यांवर गॅस आला १८६५ मध्ये.

विजेचा पहिला प्रयत्न १८८२ चा. क्रॉफर्ड मार्केट आणि काही रस्ते विजेने उजळण्याचा करार झाला, पण वर्षभरातच ती कंपनी बुडाली आणि मार्केट पुन्हा गॅसवर गेलं. विजेने गॅसला एका रात्रीत हटवलं असं पुष्कळांना वाटतं, त्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावं. दिवे तयार होते, त्यांच्यामागची व्यवस्था तग धरणारी नव्हती. वाडीबंदरचं वीजकेंद्र १९०५ मध्ये सुरू झालं तेव्हा कुठे मुंबईत विजेचा जम बसला. खोपोलीची टाटांची जलविद्युत १९१५ मध्ये आली. तिचे मोठे गिऱ्हाईक गिरण्या होत्या.

५. बल्बचा शोध एडिसननेच लावला ना?

एकट्याने नाही. विजेने तार तापवून उजेड करता येतो, हे हंफ्री डेव्हीने १८०२ मध्ये प्लॅटिनमच्या पट्टीवर दाखवलं होतं. तेव्हा एडिसनच्या जन्माला ४५ वर्षं बाकी होती. तापत्या तारेच्या दिव्याचं पेटंट फ्रेडरिक डी मोलेन्सने १८४१ मध्ये घेतलं, तर अमेरिकेच्या जॉन स्टारचं पेटंट १८४५ चं. रशियात लोदिगिन, कॅनडात वुडवर्ड आणि इव्हान्स यांनी १८७० च्या दशकात दिवे केले. वुडवर्ड-इव्हान्सचे हक्क एडिसननेच पुढे विकत घेतले.

सर्वांत बळकट दावा इंग्लंडच्या जोसेफ स्वानचा. ३ फेब्रुवारी १८७९ रोजी न्यूकॅसलच्या सभेत त्याने कार्बनचा चालता दिवा दाखवला, एडिसनच्या यशस्वी चाचणीच्या आठ महिने आधी. लंडनचं सॅव्हॉय नाट्यगृह १८८१ मध्ये स्वानच्याच सुमारे १,२०० दिव्यांनी उजळलं. ब्रिटनमध्ये दोघांनी कोर्टकचेऱ्या करण्याऐवजी १८८३ मध्ये भागीदारी केली आणि बल्ब 'एडिस्वान' नावाने विकले.

सगळ्या जुन्या प्रयत्नांत एक गोष्ट कमी पडत होती, ती म्हणजे चांगली निर्वात पोकळी. काचेत थोडी जरी हवा राहिली तरी तापलेला कार्बन मिनिटांत जळून जातो. हेर्मान स्प्रेंगेलने १८६५ मध्ये पाऱ्याचा पंप केला आणि मग हा दिवा शक्य झाला. बल्बच्या इतिहासात स्प्रेंगेलचं नाव एडिसन-स्वान यांच्या जोडीने घ्यायला हवं. शाळेच्या पुस्तकांत ते येत नाही, याचं वाईट वाटतं.

६. मग एडिसनने वेगळं काय केलं?

त्याने दिव्याच्या आधी बिलाचा आणि तांब्याचा हिशेब केला. स्वानच्या सुरुवातीच्या दिव्यात कार्बनची जाडसर कांडी होती, म्हणजे रोध (विजेला होणारा अडथळा) कमी आणि प्रवाह जास्त. एडिसनने केसासारखी बारीक, जास्त रोधाची तार हवी असं ठरवलं.

हिशेब करून पाहा. १०० वॅटचा दिवा १० व्होल्टवर चालवला तर १० अँपिअर प्रवाह लागतो. तोच ११० व्होल्टवर चालवला तर सुमारे ०.९ अँपिअर, म्हणजे अकरावा हिस्सा. तारेत वाया जाणारी वीज प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, त्यामुळे तेवढ्याच नुकसानीत तांबं १२१ पटीने कमी लागतं. शहरभर वायरी टाकायच्या तर इथेच धंदा तरतो किंवा बुडतो. शिवाय दिवे समांतर जोडता येतात, एक विझला तरी बाकीचे चालू राहतात.

न्यूयॉर्कचं पर्ल स्ट्रीट वीजकेंद्र ४ सप्टेंबर १८८२ ला सुरू झालं, तेव्हा जमिनीखालच्या वायरी, फ्यूज, होल्डर, बटणं सगळं त्याच्या माणसांनी बनवलेलं होतं. मीटरसुद्धा. जस्ताच्या पट्ट्या द्रावणात बुडवलेल्या असत. प्रवाहाने एका पट्टीवरचं जस्त दुसरीवर जाई आणि महिन्याने पट्टी वजन करून बिल काढत. थंडीत द्रावण गोठू नये म्हणून मीटरच्या पेटीतच एक बल्ब ठेवलेला असे. एडिसनचं मोठेपण या सगळ्या जुळणीत आहे. ते मान्य करायला 'बल्बचा एकमेव जनक' ही पदवी लागत नाही.

७. तो पहिला बल्ब प्रत्यक्षात कसा बनवला?

शिवणाच्या सुती दोऱ्याचा तुकडा घोड्याच्या नालेसारखा वाकवून साच्यात ठेवत. भोवती कार्बनची पूड दाबून भरत आणि साचा बंद करून भट्टीत तासन्‌तास तापवत. हवा आत शिरली की दोऱ्याची राख, म्हणून पूड. साचा हळूहळू निववून काढला की काळी, ठिसूळ कार्बनची तार मिळे. ती उचलतानाच मोडे. हे नाजूक काम मुख्यतः चार्ल्स बॅचलरकडे होतं.

तार प्लॅटिनमच्या दोन तारांना इवल्या चिमट्यांनी पकडवत. प्लॅटिनमच का? तापल्यावर ते काचेइतकंच प्रसरण पावतं, त्यामुळे तार काचेतून जाते तिथे फट पडत नाही. मग लुडविग बोएम हा काच फुंकणारा कारागीर गोळा बंद करी आणि स्प्रेंगेल पंपाचं काम सुरू होई. बारीक नळीतून पाऱ्याचे थेंब खाली पडत आणि दोन थेंबांच्या मध्ये थोडी थोडी हवा अडकून बाहेर जाई. पंप चालू असतानाच तारेतून वीज सोडून ती तापवत, कारण कार्बनच्या पोटात वायू दडून राहिलेला असतो. तो आधी हुसकावला नाही तर दिवा लावल्यावर बाहेर पडतो आणि पोकळी बिघडवतो. ही युक्ती हाती आल्यावर दिवे टिकू लागले. शेवटी काचेचं शेपूट वितळवून बंद करत. जुन्या बल्बच्या टोकाला दिसणारी चोच ती हीच.

८. तो ४० तास जळला होता ना? आणि त्याआधी १०,००० प्रयोग फसले होते?

प्रयोगशाळेच्या वहीतली नोंद २२ ऑक्टोबर १८७९ ची आहे. नऊ नंबरचा दिवा, साधा दोरा, १८ सेलची बॅटरी, रात्री दीडला सुरू. तो साडेतेरा तास चालला. मग व्होल्टेज वाढवलं, तेव्हा आणखी तासाभराने गेला. ४० तासांचा आकडा आणि २१ ऑक्टोबर ही तारीख नंतरच्या सांगण्यातून रूढ झाली.

हजारो फसलेल्या प्रयोगांची गोष्ट एडिसनचा सहकारी वॉल्टर मॅलरी याने सांगितली, पण ती बॅटरीच्या संशोधनाबद्दल होती. भाषणांमध्ये ती बल्बला चिकटली. बल्बसाठी असंख्य वनस्पतींचे धागे तपासले, हे मात्र खरं. त्यातून जपानमधल्या क्योटोजवळच्या यावाताचा बांबू निवडला गेला. त्याच्या तारेचे दिवे १,२०० तासांच्या पुढे चालत.

९. बल्बच्या शोधात निकोला टेस्लाचा वाटा किती?

तापत्या तारेच्या बल्बमध्ये काही नाही. टेस्लाचं काम प्रत्यावर्ती प्रवाहाचं, म्हणजे एसीचं. एडिसनचा एकदिश प्रवाह केंद्रापासून साधारण दीड किलोमीटरपलीकडे परवडत नसे. एसीचं व्होल्टेज ट्रान्सफॉर्मरने वाढवून लांब नेता येतं आणि घराशी कमी करता येतं. बल्ब खेड्यापर्यंत पोहोचला तो त्यामुळे.

१०. कार्बन सोडून टंगस्टन का घेतलं?

तार जितकी गरम, तितकी विजेतून उजेडाची वसुली जास्त. कार्बन फार तापवला की त्याची वाफ होऊन काच काळी पडते. टंगस्टन ३,४२२ अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणून २,५०० अंशांच्या आसपास ते निवांत काम करतं. कार्बनच्या दिव्याला वॅटमागे दोन-तीन लुमेन (लुमेन म्हणजे उजेडाचं माप) मिळत, तर घरातल्या टंगस्टन बल्बला १२ च्या आसपास मिळतात.

अडचण अशी की टंगस्टन काचेसारखं ठिसूळ. युस्ट आणि हानामान यांनी १९०४ मध्ये टंगस्टनच्या तारेचं हंगेरीत पेटंट घेतलं, पण त्या तारा धक्का लागताच तुटत. विल्यम कूलिजने १९१० पर्यंत ते गरम असतानाच ठोकून, मग हिऱ्याच्या भोकातून ओढून लवचिक तार काढली. पुढे शंभर वर्षं बल्ब याच तारेवर चालला.

११. बल्बच्या आत पोकळी असते की वायू?

दोन्ही प्रकार आहेत. कमी वॅटच्या बल्बमध्ये सहसा पोकळी असते, तर ४० वॅटच्या पुढे आर्गॉन आणि थोडा नायट्रोजन. आयर्विंग लँगम्यूरने १९१३ मध्ये दाखवलं की वायूच्या दाबाने टंगस्टनची वाफ कमी होते. पण वायू उष्णताही पळवतो. म्हणून तार लांब न ठेवता तिची स्प्रिंग केली, आणि पुढे त्या स्प्रिंगचीही स्प्रिंग.

१२. बल्ब नेमका बटण दाबतानाच का जातो?

थंड तारेचा रोध गरम तारेच्या साधारण चौदाव्या हिश्शाइतका असतो. ६० वॅटच्या बल्बचा रोध चालू असताना सुमारे ८८० ओम, थंड असताना जेमतेम ६०-६५. म्हणजे एरवी पाव अँपिअर घेणारा बल्ब बटण दाबताक्षणी साडेतीन अँपिअर ओढतो.

नव्या तारेला हे सोसतं. जुन्या तारेवर टंगस्टन उडून एखादी जागा बारीक झालेली असते. रोध तिथे जास्त, म्हणून उष्णता तिथेच साठते, म्हणून तिथूनच आणखी टंगस्टन उडतं. शेवटचा झटका त्या जागेला बसतो. तार तुटताना कधी कधी आत ठिणगीचा कमान-प्रवाह (आर्क) होतो आणि एमसीबी (आपोआप पडणारा सुरक्षा-स्विच) पडतो. अशा वेळी वायरिंग जळालं असं समजून घाबरायचं कारण नाही. बल्ब काढून एमसीबी वर करून पाहा. तरीही पडला तरच वायरमन बोलवा.

१३. कंपन्यांनी बल्बचं आयुष्य मुद्दाम कमी केलं, हे खरं का?

खरं आहे, पण अर्धं सांगितलं जातं. ओसराम, फिलिप्स, टुंग्सराम वगैरे मोठ्या कंपन्यांनी १९२४ मध्ये जिनिव्हात 'फीबस' नावाची युती केली. बल्बचं आयुष्य १,००० तास ठरवलं आणि जास्त टिकणारे बल्ब करणाऱ्या सदस्यांना दंड लावला. बाजार वाटून घेणं आणि भाव धरून ठेवणं हाही तिचा उद्योग होता. दुसऱ्या महायुद्धाने ती मोडली.

दुसरी बाजू भौतिकशास्त्राची. व्होल्टेज ५ टक्के कमी केलं तर बल्ब जवळपास दुप्पट टिकतो, पण उजेड साधारण १६ टक्क्यांनी उतरतो. ६० वॅटचा बल्ब १,००० तासांत ६० युनिट खातो, आणि त्या विजेचं बिल बल्बच्या किमतीच्या कितीतरी पट असतं. मिणमिणता पण चिवट बल्ब गिऱ्हाइकाला महागच पडतो. ब्रिटनच्या मक्तेदारी आयोगानेही १९५१ मध्ये १,००० तासांचा आकडा वावगा ठरवला नाही. आमचं मत असं: आकडा योग्य होता, तो दंडाच्या धाकाने सगळ्यांवर लादणं अयोग्य होतं.

याच कारणाने रात्री व्होल्टेज वाढणाऱ्या गावांत बल्ब भराभर जातात. २३० व्होल्टचा बल्ब सतत २५० वर चालला तर त्याचं आयुष्य एक-तृतीयांशावर येतं.

१४. मग कॅलिफोर्नियातला तो बल्ब १९०१ पासून कसा जळतोय?

लिव्हरमोरच्या अग्निशमन केंद्रातला शेल्बी कंपनीचा हा बल्ब खरा आहे. त्याची तार कार्बनची आहे आणि तो आता सुमारे ४ वॅटवर, रात्रीच्या मंद दिव्याइतका जळतो. तार फारशी तापत नाही आणि तो जवळजवळ कधीच बंद होत नाही, म्हणजे प्रश्न १२ मधला झटकाही बसत नाही. वाचण्याजोगा उजेड मात्र त्याच्याकडून मिळणार नाही.

१५. आपल्याकडे पिनांचा बल्ब आणि परदेशात आट्यांचा, असं का?

आट्यांची टोपी एडिसनची. ई२७ मधला 'ई' त्याच्याच नावाचा आणि २७ म्हणजे मिलिमीटरमध्ये व्यास. दोन पिनांची बी२२ ब्रिटनमधून आली. पिनांचा बल्ब हादऱ्याने सैल होत नाही, आट्यांचा होतो. आट्यांच्या होल्डरमध्ये फेज (विजेची जिवंत तार) मधल्या बिंदूलाच जोडायला हवी, नाहीतर बल्ब फिरवताना बोट फेज आलेल्या धातूला लागतं. विदेशी झुंबर भारतात लावताना हे आधी तपासावं.

१६. 'झिरोचा बल्ब' शून्य वीज घेतो का?

नाही. तार असलेला झिरोचा बल्ब साधारण १२ ते १५ वॅट घेतो. जुन्या चकतीच्या मीटरवर एवढा भार जाणवत नसे, म्हणून हे नाव पडलं असं सांगतात. रोज दहा तास लावला तर महिन्याला साडेचार युनिट होतात. अर्ध्या वॅटचा एलईडी तेवढ्याच वेळात ०.१५ युनिट घेतो.

१७. ट्यूबलाईटला चोक आणि स्टार्टर का लागतो? लुकलुकते तेव्हा काय बदलायचं?

ट्यूबमध्ये सलग तार नसते, पाऱ्याची वाफ असते. ती वाहती व्हायला सुरुवातीला मोठा झटका लागतो आणि एकदा वाहू लागली की प्रवाह बेफाम वाढतो. स्टार्टर आधी दोन्ही टोकांच्या छोट्या तारा तापवतो, मग अचानक सर्किट तोडतो. त्या क्षणी चोक उच्च व्होल्टेजचा झटका देतो. पुढे तोच चोक प्रवाहाला लगाम घालतो. ट्यूब लागली की स्टार्टरचं काम संपतं, तो काढून घेतला तरी ट्यूब चालू राहते. पाऱ्याच्या वाफेतून निघणारे अतिनील किरण काचेच्या आतला पांढरा थर झेलतो आणि त्यांचा दिसणारा उजेड करतो. अशा ट्यूब बाजारात १९३८ मध्ये आल्या.

दोन्ही टोकं सतत लाल राहतात पण ट्यूब लागत नाही, तर स्टार्टर चिकटला आहे. टोकं काळी पडून लुकलुकत असेल, तर ट्यूब संपली आहे आणि नुसता स्टार्टर बदलून चार दिवसांत पुन्हा तेच होईल. काहीच हालचाल नाही, तर आधी ट्यूब होल्डरमध्ये फिरवून पाहा, मग दुसरी ट्यूब लावून पाहा, आणि चोककडे शेवटी जा. संध्याकाळी व्होल्टेज पडल्यावर ट्यूब लागत नाही, तेव्हा दोष कशातच नसतो, झटकाच अपुरा पडतो.

१८. सीएफएल किंवा ट्यूब घरात फुटली तर?

सीएफएलमध्ये काही मिलिग्रॅम पारा असतो. खिडक्या उघडा, पंखा बंद करा, मुलांना बाहेर काढा आणि दहा-पंधरा मिनिटं थांबा. झाडू किंवा व्हॅक्यूम वापरू नका, पारा हवेत पसरतो. तुकडे जाड पुठ्ठ्याने गोळा करा, बारीक चुरा चिकटपट्टीने उचला, फरशी ओल्या कागदाने पुसा आणि सगळं बंद बरणीत घालून धोकादायक कचऱ्यात द्या. साध्या तारेच्या बल्बला यातलं काही लागत नाही.

१९. एलईडी १९६२ मध्येच आला होता, मग घरात यायला इतकी वर्षं का लागली?

निक होलोन्याकचा १९६२ चा एलईडी लाल होता. पांढऱ्या उजेडासाठी निळा हवा, आणि त्यासाठी लागणारे गॅलियम नायट्राइडचे निर्दोष स्फटिक वाढवता येत नव्हते. अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या जपानी संशोधकांनी ते साधलं. तेजस्वी निळा एलईडी १९९३ मध्ये आला आणि तिघांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आजचा पांढरा एलईडी निळाच असतो, वरचा पिवळा थर त्यातल्या काही प्रकाशाचा पिवळा करतो आणि दोन्ही मिळून पांढरा दिसतो. भारतात २०१५ मध्ये सुरू झालेल्या 'उजाला' योजनेत घाऊक खरेदीमुळे भाव कोसळले आणि ३६ कोटींहून जास्त बल्ब वाटले गेले.

२०. ६० वॅटच्या जुन्या बल्बच्या जागी किती वॅटचा एलईडी घ्यावा?

वॅट पाहू नका, खोक्यावरचे लुमेन पाहा. जुन्या ४० वॅटला सुमारे ४००, ६० वॅटला ७०० आणि १०० वॅटला १,३०० लुमेन लागतात. चांगला एलईडी वॅटमागे १०० लुमेनच्या आसपास देतो, म्हणजे अनुक्रमे साधारण ४, ७ आणि १३ वॅट. जुन्या बल्बचा पिवळसर उजेड हवा असेल तर २,७०० के (केल्विन, उजेडाच्या रंगाचं माप) लिहिलेला घ्या. ६,५०० के निळसर पांढरा दिसतो.

२१. २५,००० तास टिकेल म्हणून घेतलेला एलईडी वर्षात गेला. का?

एलईडीचा दाणा सहसा जात नाही, जातो तो ड्रायव्हर, म्हणजे दाण्याला हवी तशी वीज पुरवणारं आतलं सर्किट. त्यातला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) उष्णतेने सुकतो. बंद काचेच्या हंडीत किंवा छतातल्या बंद खाचेत बल्बला हवा मिळत नाही आणि तापमान १० अंशांनी वाढलं की कपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्मं होतं. अशा जागी कमी वॅटचा बल्ब घ्या किंवा हंडीला वरून हवेची वाट ठेवा. बल्ब चालू-बंद होत राहणं ही कपॅसिटरची खूण आहे, एकच काळा ठिपका दिसत असेल तर मात्र दाणा गेलेला असतो.

२२. बटण बंद असूनही एलईडी मंद मिणमिणतो. दोष बल्बचा का?

बहुधा नाही. बटणात छोटा इंडिकेटर असेल तर त्यातून जाणारा नगण्य प्रवाहही एलईडीला पुरतो. जिन्यावरच्या दुहेरी बटणांच्या लांब वायरींमधूनही एवढा प्रवाह पाझरतो. हे निरुपद्रवी आहे.

तिसरं कारण धोक्याचं आहे. बटण फेजऐवजी न्यूट्रल (परतीची तार) तोडत असेल तर दिवा बंद असतानाही होल्डरमध्ये फेज असते आणि बल्ब बदलताना झटका बसू शकतो. मेन स्विच बंद करून बल्ब काढा. मग मेन चालू करून, बटण बंद ठेवून वायरमनकडून होल्डरवर टेस्टर लावून घ्या. टेस्टर पेटला तर बटणावरची जोडणी बदलून घेतल्याशिवाय त्या होल्डरला हात लावू नका. जुन्या तारेच्या बल्बमध्ये हा दोष वर्षानुवर्षं लपून राहतो, एलईडीने तो उघडा पडतो.

२३. आता तारेचा पिवळा बल्ब कुठेच लागत नाही का?

लागतो, जिथे उष्णता हवी किंवा तारेचा बदलता रोध हवा तिथे. बेकिंगच्या ओव्हनमध्ये एलईडीचा ड्रायव्हर टिकत नाही, तिथे उष्णता सोसणारा १५ किंवा २५ वॅटचा बल्बच लावतात. कोंबडीच्या पिल्लांच्या ब्रूडरमध्ये (पिल्लांना ऊब देणाऱ्या खुराड्यात) पिल्लामागे साधारण १ ते २ वॅट धरून बल्ब लावतात. तिथे एलईडी लावला तर उजेड भरपूर आणि पिल्लं गारठलेली. पिल्लं बल्बखाली गोळा होऊन चिरकत असतील तर बल्ब खाली घ्या, कडेला पळत असतील तर वर.

आणि वायरमनचा सिरीज लॅम्प. दुरुस्त केलेली इस्त्री किंवा मोटार थेट मेनवर न लावता १०० किंवा २०० वॅटच्या बल्बमधून लावतात. आत शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण प्रखर लागतो आणि प्रवाह तिथेच अडतो, फ्यूज उडत नाही. इस्त्री ठीक असली तरी तिचा रोध कमी असल्यामुळे बल्ब बराच प्रखर दिसतो, म्हणून इस्त्रीसाठी २०० वॅटचा बल्ब घेतात आणि चांगल्या इस्त्रीवर तो किती लागतो हे आधी पाहून ठेवतात. बल्ब अजिबात लागला नाही तर कुठेतरी वायर तुटलेली आहे. एलईडी या कामाला चालत नाही, कारण तो शॉर्ट आणि ठीक यांतला फरक दाखवतच नाही. नेहमी दुरुस्ती करणाऱ्यांनी १०० आणि २०० वॅटचे दोन-दोन बल्ब बाजूला काढून ठेवावेत, दुकानांत ते आता शोधावे लागतात.